बोल गेमच्या निकालांवरून कॉन्फरन्सला बोल लावायचा का? (बिग टेन, एसईसी आणि बाकीची भावकी)

मिसळ_इन_कोलंबस | २१ जानेवारी २०२५

घसा पार बसलाय, ऑफिसची मीटिंग कॅमेरा बंद ठेवून चालू आहे आणि मी हा धागा काढतोय. काल रात्री अटलांटात अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या फायनलमध्ये आमच्या ओहायो स्टेटनं नोटर डेमला ३४-२३ लोळवलं. बारा टीमवाल्या पहिल्यावहिल्या प्लेऑफचं विजेतेपद कोलंबसला. गेल्या वर्षी मिशिगन, यंदा आम्ही, म्हणजे लागोपाठ दोनदा बिग टेन, आमची कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट). आता मला सांगा, दरवर्षी "एसईसी एसईसी" (ती दक्षिणेकडची कॉन्फरन्स) करत छाती बडवणारी मंडळी कुठल्या बिळात गेलीत?

बिग टेन विरुद्ध एसईसी, यंदाचा थेट हिशोब मांडतो. आम्ही टेनेसीला ४२-१७, मग टेक्ससला २८-१४. मिशिगननं अलाबामाला १९-१३, इलिनॉयनं साउथ कॅरोलायनाला २१-१७, यूएससीनं (सदर्न कॅलिफोर्निया) टेक्सस एअँडएमला ३५-३१. आयोवा तेवढी मिझुरीकडून २७-२४ हरली. झाले पाच-एक. आणि एकूण पोस्टसीझन (बोल आणि प्लेऑफ मिळून) घेतलात तर बिग टेन ११-६, एसईसी ८-७. विषय संपला असं मला तरी वाटतं.

जाता जाता, टेनेसीची मॅच मी स्टेडियममध्ये बसून बघितली, २१ डिसेंबरची रात्र, पंचविसेक फॅरनहाइट, समोर टेनेसीची पोरं उघडबंब वॉर्मअप करतायत आणि मी तीन जॅकेटांत थर्मासमधला मिसळीचा कट पितोय. पहिल्या क्वार्टरलाच २१-०. शेजारच्या नारिंगी टोपीवाल्या आजोबांना कपभर कट दिला, ते म्हणाले आज रात्रीतली एवढीच गोष्ट गरम होती.

नवा_न्यूजर्सीकर | २१ जानेवारी

काका अभिनंदन! मी ऑगस्टमध्ये रटगर्सला आलोय, एमएस. एक बेसिक प्रश्न, हसू नका. हे बोल म्हणजे नक्की काय असतं? आमची टीम डिसेंबरात फिनिक्सला जाऊन कॅन्सस स्टेटकडून ४४-४१ हरली, तर ती कशातून बाहेर पडली? कुठली ट्रॉफी हुकली? रूममेटला विचारलं तर म्हणाला कशातूनच नाही, ती मॅच तेवढीच होती.

मिसळ_इन_कोलंबस | २१ जानेवारी

रूममेट बरोबर बोलला. मी कोल्हापूरचा, मला हे जत्रेतल्या कुस्त्यांसारखंच वाटतं. रणजीसारखं साखळी, मग क्वार्टर, मग सेमी असं नाही. यंदा टॉप लेव्हलच्या १३४ टीम, प्रत्येकीच्या साधारण बारा मॅच, त्यातल्या सहा जिंकल्या की तू बोल खेळायला पात्र. मग वेगवेगळ्या गावच्या कमिट्या (चाळीसेक बोल आहेत) स्पॉन्सर गाठतात आणि जोड लावतात. प्रत्येक कमिटीचा दोन कॉन्फरन्सशी करार, तुमच्यातला अमुक नंबरचा मल्ल आमच्याकडे, त्यांच्यातला तमुक नंबरचा. जिंकलास तर इनाम, फोटो आणि कोचच्या डोक्यावर बादलीभर काहीतरी. शार्लटच्या मेयोनेज बोलमध्ये जिंकलेल्या कोचवर खरंच मेयो ओततात, यंदा मिनेसोटाच्या कोचवर ओतलं. ऑरलँडोत पॉप-टार्टचा बोल असतो तिथे मॅस्कॉटच टोस्टरमध्ये घालून जिंकलेली टीम खाते. थट्टा नाही करत.

हिंदकेसरीची कुस्ती म्हणजे प्लेऑफ. बाकी सगळं जत्रा.

टस्कलूसाकर | २१ जानेवारी

आलो बिळातून. प्रथम अभिनंदन, मनापासून, कारण खरंच भारी खेळलात. पण दोन वर्षांच्या जोरावर उड्या मारताय म्हणून सांगतो, २००६ ते २०१२ लागोपाठ सात विजेतेपदं एसईसीची. फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), फ्लोरिडा, अलाबामा, ऑबर्न, अलाबामा, अलाबामा. २०११च्या सीझनला तर फायनलच घरातल्या घरात, आम्ही अलाबामावाल्यांनी एलएसयूला २१-०. मग पुन्हा २०१९ ते २२ चार लागोपाठ. तेव्हा तुम्ही लोक "सायकल असते हो" म्हणायचात. आता आमचीही सायकल असते हो.

आणि तो टॅम्पाचा मिशिगनवाला सामना धरूच नका. प्लेऑफ हुकल्यावर आमच्या पोरांचा त्यात जीव नव्हता. पाऊस, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीनदा बॉल हातचा घालवला. मूड नसलेल्या मल्लाला आखाड्यात ढकललंत तर काय होणार.

जुनं_खोड | २१ जानेवारी

टस्कलूसाकर, जीव नव्हता हे कारण मी पन्नास वर्षं ऐकतोय. आमच्या मिशिगनच्या बाजूनं त्या दिवशी कोण नव्हतं ते बघितलंत का? ग्रॅहम, ग्रँट, लव्हलंड, जॉन्सन, सगळे ड्राफ्टसाठी (एनएफएल या प्रो लीगची खेळाडू-निवड) घरी. आमची पोरंच जास्त गैरहजर होती. तरी जिंकलो.

आणि कोलंबसकर, मिशिगनचा विजय तुमच्या पाच-एकात मोजताय ते ठीक, पण ३० नोव्हेंबरला तुमच्याच अंगणात त्याच मिशिगननं तुम्हाला १३-१० मारलं हे धाग्यात आलं नाही ते. असू दे, आठवण करून दिली.

आकडेमोडे | २२ जानेवारी

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली गावात राहतो, एसीसी कॉन्फरन्सवाला, त्यामुळे माझ्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, शांतपणे बोलू शकतो. यंदा एसीसी २-११. अकरा. सिरॅक्यूज आणि लुइव्हिल सोडून सगळे गेले.

माझ्याकडे शीट आहे. काकांचे ११-६ आणि ८-७ दोन्ही बरोबर आहेत, मी मॅच न् मॅच लावून बघितले. आता एक गंमत करा. ओहायो स्टेटच्या चारही मॅच काढून टाका. बिग टेनचे चार विजय गेले, आणि ओरेगनचा रोझ बोलमधला पराभव गेला कारण तो ओहायो स्टेटकडूनच होता. उरले ७-५. एसईसीचे टेनेसी आणि टेक्ससवाले दोन पराभव गेले, उरले ८-५. म्हणजे एक टीम बाजूला ठेवली की एसईसी अर्ध्या पावलानं पुढेच. तुमच्या गल्लीत एक हिंदकेसरी राहतो म्हणून अख्खी गल्ली पैलवान होत नाही ना.

दुसरी गंमत. प्लेऑफची पहिली फेरी कॉलेजच्या मैदानांवर झाली, तिला बोल म्हणतच नाहीत. काकांनी थर्मास घेऊन बघितला तो बोल नव्हताच. पहिली फेरी वगळली तर बिग टेन ९-५, एसईसी ७-६, आम्ही २-९. तेवढंच समाधान.

मिसळ_इन_कोलंबस | २२ जानेवारी

गल्लीतला हिंदकेसरी काढून टाका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. मग एसईसीच्या त्या सात वर्षांतून अलाबामा काढू का?

आकडेमोडे | २२ जानेवारी

काढा ना, माझं तेच म्हणणं आहे. सातातले तीन गेले, चार उरले. तेही जबरदस्तच आहेत, कारण ते तीन वेगळ्या टीमचे आहेत. ती कॉन्फरन्सची ताकद. पण त्या त्या वर्षाचा एकूण बोल रेकॉर्ड हा वेगळाच प्राणी आहे. उदाहरण देतो, माझं सगळ्यात लाडकं.

२०१४चा सीझन. तेव्हा एसईसीत दोन डिव्हिजन होत्या. वेस्ट म्हणजे दादा, अलाबामा, ऑबर्न, एलएसयू, दोन्ही मिसिसिपी, आर्कन्सॉ, एअँडएम, सातच्या सात बोलला पात्र. ईस्ट म्हणजे यथातथा, सगळे नाकं मुरडायचे. निकाल काय लागला? वेस्ट २-५. ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) टीसीयूकडून (टेक्सस ख्रिश्चन) ४२-३, मिसिसिपी स्टेट जॉर्जिया टेककडून ४९-३४, ऑबर्न विस्कॉन्सिनकडून ओव्हरटाइममध्ये, एलएसयू नोटर डेमकडून, आणि अलाबामा शुगर बोलमध्ये ओहायो स्टेटकडून ४२-३५. आणि ती यथातथा ईस्ट? ५-०! जॉर्जिया, मिझुरी, टेनेसी, साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा, पाचही जिंकल्या.

आता यावरून ईस्ट वेस्टपेक्षा भारी होती म्हणणार का? कोणी म्हणालं नाही. कारण जोड बघितली की कळतं. ईस्टची फ्लोरिडा ईस्ट कॅरोलायनाशी, वेस्टची अलाबामा त्या वर्षीच्या विजेत्याशी. आणि दोन्हींची बेरीज ७-५, ती बघून तर काहीच कळत नाही.

टस्कलूसाकर | २२ जानेवारी

हे मात्र पटलं. २०१४ची आठवण नसती काढलीत तरी चाललं असतं, ओहायो स्टेटच्या एलियटची ती ८५ यार्डाची धाव मी अजून झोपेत बघतो.

टॅम्पाची_वहिनी | २२ जानेवारी

तुम्ही सगळे कोण भारी यात अडकलात, मी दुसरी बाजू सांगते. मी इथे एका हॉटेलात अकाउंट्सला आहे. आमच्यासाठी बोल म्हणजे ख्रिसमस ते न्यू इयरच्या रिकाम्या खोल्या भरायचा उद्योग, सुरुवातीपासून तोच आहे. बोल कुठेकुठे आहेत बघा, टॅम्पा, ऑरलँडो, मायामी, न्यू ऑर्लिन्स, पॅसेडिना, फिनिक्स. उन्हाच्या जागा. म्हणजे बिग टेनची टीम बहुतेकदा विमानानं येते आणि एसईसीवाले गाडी काढून येतात.

यंदा अलाबामा-मिशिगनला आमच्या ब्रेकफास्ट हॉलमध्ये वॉफलच्या मशीनपुढे ही रांग. पुढे लाल जर्सीतलं एक पोरगं हत्तीची सोंड लावून, मागे मिशिगनचे एक आजोबा रेनकोटातच, काढायला तयार नाहीत. ते मला म्हणाले डेट्रॉइटहून निघताना बर्फ खरवडून गाडी बाहेर काढली, इथे पाऊस पडला तर पडू दे, अंगावर स्वेटर नाही यातच आम्ही जिंकलो. मॅच अजून व्हायची होती तेव्हा!

सांगायचं हे की कमिटीला सगळ्यात चांगली जोड नको असते, सगळ्यात जास्त खोल्या भरणारी जोड हवी असते. त्यातून तुम्ही कॉन्फरन्सची ताकद काढताय म्हणजे लग्नाच्या आहेरावरून संसार कसा चाललाय ते ठरवताय.

पॅसिफिकची_पोर | २२ जानेवारी

वहिनी १००+.

आता माझं रडगाणं ऐका. सिएटलला राहते, वॉशिंग्टनची डिग्री. काकांच्या पाच-एकात यूएससीचा एअँडएमवरचा विजय आहे बरोबर? तो लास वेगस बोल. त्या बोलचा करार कोणाशी? पॅक-ट्वेल्व्हशी, म्हणजे आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या जुन्या कॉन्फरन्सशी! यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि आम्ही २ ऑगस्ट २०२४ला बिग टेनमध्ये गेलो, पण जुने बोल करार चालूच राहिले, त्यामुळे आम्ही गेलो सासरी आणि जेवायला अजून माहेरच्या पानावर. लग्नाला पाच महिने नाही झाले तोवर सुनेच्या अंगावरचे दागिने तुम्ही आपल्या तिजोरीत मोजताय काका.

सन बोलमध्ये आम्ही लुइव्हिलकडून ३५-३४ हरलो, तोही पॅक-ट्वेल्व्हच्याच जागेवर, पण पराभव बिग टेनच्या खात्यात. आणि कळस म्हणजे सॅन अँटोनियोचा अलामो बोल. करार बिग ट्वेल्व्ह विरुद्ध पॅक-ट्वेल्व्ह. कोलोरॅडो पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग ट्वेल्व्हमध्ये गेलेली पण आली जुन्या जागेवरून, समोर बीवाययू (ब्रिगहॅम यंग), तीही बिग ट्वेल्व्ह. मुलाकडचेही तेच, मुलीकडचेही तेच. बीवाययू ३६-१४ जिंकली आणि कॉन्फरन्सच्या खात्यात एक विजय एक पराभव. या मॅचमधून बिग ट्वेल्व्हबद्दल काय कळलं? काहीही नाही, पण ४-५च्या रेकॉर्डमध्ये ती बसलेली आहे.

खऱ्याखुऱ्या पॅक-ट्वेल्व्हचा यंदाचा रेकॉर्ड ०-१. दोनच टीम उरल्यात, त्यातली वॉशिंग्टन स्टेट सिरॅक्यूजकडून हरली. १९१५पासूनची परंपरा असलेल्या घराची ही अवस्था.

जुनं_खोड | २३ जानेवारी

पॅसिफिकच्या मुली, माहेरच्या वैभवाचं मी सांगतो, कारण आम्ही ते सोसलंय. मी १९७६ला अ‍ॅन आर्बरला, मिशिगनच्या गावी, आलो. पहिल्या तीन वर्षांत तीन रोझ बोल (पॅसेडिनाला, बिग टेन विरुद्ध पॅसिफिकवाले) बघितले, तिन्ही हरलो. ७७ला यूएससी १४-६, ७८ला वॉशिंग्टन २७-२० (त्यांचा वॉरेन मून, विसरलो नाही), ७९ला परत यूएससी १७-१०. सहा जण एका खोलीत, एक उसना टीव्ही, अँटेनाला कपड्यांचा हँगर. ७९ला यूएससीच्या चार्ल्स व्हाइटच्या हातातून बॉल रेषेच्या आधीच सुटला होता, तरी पंचांनी टचडाउन दिला. आमच्यातला एक नागपूरचा मुलगा इतका चिडला की टीव्हीवर चप्पल फेकली. टीव्ही उसना होता.

१९७० ते १९८० अकरा रोझ बोल झाले, त्यातले दहा पॅसिफिकवाल्यांनी जिंकले. अपवाद एकच, ७४ला ओहायो स्टेटनं यूएससीला ४२-२१. आमचे कोच बो शेंबेकलर, सीझनमध्ये वाघ, त्यांचा रोझ बोलचा रेकॉर्ड २-८.

आता तरुणांना माहीत नसलेली गोष्ट. तेव्हा बिग टेनचा नियम होता की विजेत्यानं रोझ बोल खेळायचा आणि बाकी कोणीही कुठलाही बोल खेळायचा नाही. १९७५च्या सीझनपासून सोडायला लागले. त्यामुळे ७३ला मिशिगन आणि ओहायो स्टेट १०-१० बरोबरीत सुटले, आमचा रेकॉर्ड १०-०-१, आणि कॉन्फरन्सच्या मतदानात ओहायो स्टेटला पाठवलं. एकही मॅच न हरलेली मिशिगन घरी बसली! म्हणजे वर्षाला कॉन्फरन्सची एक मॅच, तीही लॉस एंजेलिसच्या दारात, समोर बहुतेकदा लॉस एंजेलिसचीच टीम. त्यावरून बिग टेन कमकुवत असं दहा वर्षं लिहून आलं.

अजून मागे जायचं तर १९०२चा पहिला सामना, मिशिगन ४९ स्टॅनफर्ड ०. तो इतका एकतर्फी झाला की पॅसेडिनावाल्यांनी फुटबॉलच बंद केला. आधी पोलो, मग रथांच्या शर्यती लावल्या, १९१६पर्यंत फुटबॉल आलंच नाही. तेव्हाची कमिटी निदान प्रामाणिक होती, जोड जमली नाही तर घोडे पळवू म्हणाली.

नवा_न्यूजर्सीकर | २३ जानेवारी

काका टीव्हीचं पुढे काय झालं??

जुनं_खोड | २३ जानेवारी

चप्पल रबरी होती. टीव्ही वाचला, मैत्री नाही.

टस्कलूसाकर | २३ जानेवारी

मूळ मुद्द्यावर. गैरहजेरीचं कोणी नीट बोललं नाही. २०१६च्या १ जानेवारीला फिएस्टा बोलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. ड्राफ्टमध्ये टॉपचा पिक होणारा मुलगा दुसऱ्या राउंडला घसरला. त्याच वर्षअखेरीस मॅकॅफ्री आणि फोर्नेट या दोन स्टार खेळाडूंनी बोल खेळायला नकार दिला, तेव्हा लोकांनी केवढं तोंडसुख घेतलं, आता कोणी दखलही घेत नाही. वर ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) यंदाही डिसेंबरात उघडलं. यंदा मार्शलचा कोच गेला, त्याच्यामागे इतकी पोरं गेली की टीमनं बोलमधूनच माघार घेतली आणि लुइझियाना टेकला ऐनवेळी उभं केलं, आर्मीनं २७-६ हरवलं. आता हा पराभव लुइझियाना टेकच्या कॉन्फरन्सच्या माथी. का?

म्हणून म्हणतो २०१५नंतरचे बोल रेकॉर्ड कचरा आहेत.

आकडेमोडे | २३ जानेवारी

टस्कलूसाकर, मुद्दा बरोबर पण तुमच्या तोंडी शोभत नाही. डिसेंबर २०२३, ऑरेंज बोल, जॉर्जिया ६३ फ्लोरिडा स्टेट ३. बोलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. त्या रात्री इथेच "बघा, तेरा-शून्यवाल्या एसीसी चॅम्पियनची लायकी" असं कोणी लिहिलं होतं? शोधून लिंक देऊ?

टस्कलूसाकर | २३ जानेवारी

नको. मीच लिहिलं होतं.

आकडेमोडे | २३ जानेवारी

त्यांच्या क्वार्टरबॅक ट्रॅव्हिसचा पाय मोडलेला, प्लेऑफमधून वगळल्यामुळे निम्मी टीम उठून गेलेली. ती मॅच फ्लोरिडा स्टेट खेळलीच नाही, तिची जर्सी खेळली.

यंदाचा आमचा मायामी बघा. पॉप-टार्ट बोल, समोर आयोवा स्टेट. आमचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्डनं पहिल्या हाफमध्ये तीन टचडाउन टाकले, मायामी ३१-२८ पुढे. दुसऱ्या हाफला तो साइडलाइनला उभा, खेळलाच नाही. मायामी ४२-४१ हरली. एका पॉइंटनं! हा पराभव २-११ मधल्या अकरांपैकी एक. पिट टोलीडोकडून सहा ओव्हरटाइम खेळून ४८-४६ हरली तोही एक. आणि क्लेमसन टेक्ससकडून ३८-२४ हरली तोही एकच. शीटमध्ये तिन्हीची किंमत सारखी. पिटची मॅच बघताना मी आणि बायको सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेलो, चौथ्या ओव्हरटाइमला ती म्हणाली भात लावू का, सहाव्याला शिट्टी झाली.

मिसळ_इन_कोलंबस | २४ जानेवारी

बरं मी माघार घेतो असं नाही पण एक कबुलीजबाब. आम्हा ओहायो स्टेटवाल्यांचा एसईसीविरुद्ध बोलमधला रेकॉर्ड एकेकाळी ०-९ होता. नऊ! मग ४ जानेवारी २०११, शुगर बोल, आर्कन्सॉला ३१-२६. शेवटच्या मिनिटात सॉलोमन थॉमसनं पास अडवला तेव्हा मी अपार्टमेंटच्या जिन्यातून खाली पळत गेलो होतो, अनवाणी, बर्फात. पहिला विजय. आणि नंतर काय, टॅटूच्या बदल्यात जर्सी-अंगठ्या विकल्याचं प्रकरण, थॉमसही त्या पोरांतलाच, कोच ट्रेसेल गेले, आणि तो विजय रेकॉर्डमधून काढून टाकला.

आता आकडेमोडे तुम्ही सांगा, शीटमध्ये काय लिहिता? आमचा विजय रद्द, पण आर्कन्सॉचा पराभव तसाच. सातबाऱ्यावरून माझं नाव कमी केलं पण जमीन विकल्याची नोंद मात्र कायम, मग जमीन कोणाकडे गेली?

त्याच आठवड्यातला आणखी एक बाण. त्या सीझनला आमच्या युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट गॉर्डन गी म्हणाले होते की बॉइजी स्टेट आणि टीसीयूसारखे लोक दुबळ्यांशी खेळतात, आम्ही नाही. "लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर" हे त्यांचे शब्द. मग १ जानेवारीला बिग टेन पाचच्या पाच मॅच हरली, मिशिगन ५२-१४, मिशिगन स्टेट ४९-७, आणि रोझ बोलमध्ये टीसीयूनं विस्कॉन्सिनला २१-१९. पुढच्या आठवड्यात कोलंबसच्या रस्त्यांवर मोठे होर्डिंग, टीसीयूचं अभिनंदन, खाली सही लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर. मी रोज त्याच्या खालून कामाला जायचो. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

पॅसिफिकची_पोर | २४ जानेवारी

हाहाहा. म्हणून मला छोट्या कॉन्फरन्सचे बोल जास्त आवडतात. बॉइजी ओक्लाहोमा ४३-४२, २००७चा फिएस्टा. आणि टस्कलूसाकर, २००९चा शुगर बोल, यूटा ३१ अलाबामा १७. तेव्हाही मूडच नव्हता का?

टस्कलूसाकर | २४ जानेवारी

नव्हता. सिरियसली नव्हता. फ्लोरिडाकडून एसईसी फायनल हरून आलेलो.

(बरं, यूटा भारी होती. तेरा-शून्य होती. झालं समाधान?)

नवा_न्यूजर्सीकर | २४ जानेवारी

मग तुलना करायची कशानं? सगळंच खोटं म्हणालात तर काय बघू?

आकडेमोडे | २५ जानेवारी

खोटं नाही रे, अपुरं. मी तीन गोष्टी लावतो. सप्टेंबरात कॉन्फरन्सबाहेरच्या मॅच होतात तेव्हा सगळे हजर असतात, सगळ्यांना जिंकायचं असतं, मॅचही पुष्कळ, ते आधी बघ. मग बोलमध्ये निकाल नाही, जोड बघ. यंदा प्लेऑफनं बिग टेनच्या चार आणि एसईसीच्या तीन टीम उचलल्या, त्यामुळे खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या. बिग ट्वेल्व्हची एकच गेली. त्यामुळे त्यांचा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा मल्ल दुसऱ्याच्या पाचव्या-सहाव्याशी भिडतो, आणि तो जिंकला तर त्यात नवल ते काय. इलिनॉय आणि साउथ कॅरोलायना दोघं ९-३ होते, दोघं प्लेऑफबाहेर राहिलेले, ती खरी तोलाची कुस्ती. असल्या वर्षाला चार-पाच सापडतात.

तिसरी म्हणजे कोण खेळलं त्याची यादी. ती मी हातानं भरतो, म्हणून बायको शीटला सवत म्हणते.

मिसळ_इन_कोलंबस | २५ जानेवारी

ठीक आहे, मान्य. धाग्याचं शीर्षक बदलतो. आधी "बिग टेन बाप आहे" असं होतं, ज्यांनी बघितलं त्यांनी विसरा.

टॅम्पाची_वहिनी | २५ जानेवारी

थर्मासमधल्या कटाची रेसिपी टाका हो, तेवढं राहिलं.

मिसळ_इन_कोलंबस | २५ जानेवारी

रविवारी टाकतो नक्की.

नवा_न्यूजर्सीकर | २० जानेवारी २०२६

धागा वर काढतोय!!! मी ऑगस्टात इंडियानाला, ब्लूमिंग्टनला ट्रान्सफर घेतली (माझंही पोर्टल समजा) आणि काल रात्री फायनलमध्ये इंडियानानं मायामीला मायामीच्याच मैदानावर २७-२१ हरवलं. १६-०! चौथ्या डाउनला (शेवटच्या संधीला) आमचा क्वार्टरबॅक मेंडोझा स्वतः घुसला तेव्हा आमच्या मजल्यावर कोणीतरी फायर अलार्म दाबला, अख्खी बिल्डिंग चड्डी-बनियनवर बर्फात उभी आणि कोणालाच आत जायचं नव्हतं.

टस्कलूसाकर | २० जानेवारी २०२६

अभिनंदन बाळा. रोझ बोलचा विषय काढू नकोस.

पॅसिफिकची_पोर | २० जानेवारी २०२६

इंडियाना ३८, अलाबामा ३. मी काढते.

टस्कलूसाकर | २० जानेवारी २०२६

मूड नव्हता.

आकडेमोडे | २० जानेवारी २०२६

आमच्या मायामीनं एअँडएम, ओहायो स्टेट आणि ओल मिस अशा तीन जिंकल्या बरं का. ओहायो स्टेटला २४-१४. एसीसीच्या खात्यात तीन विजय, एकाच टीमचे. हो माहीत आहे, मीच सांगितलं होतं गल्लीतला हिंदकेसरी काढायचा. यंदा काढणार नाही.

मिसळ_इन_कोलंबस | २० जानेवारी २०२६

काढा की, नियम तुमचाच. मीही इंडियाना काढतो, शेजारी असली तरी आमच्या घरची नाही.

टॅम्पाची_वहिनी | २१ जानेवारी २०२६

रेसिपी?